खाली बँड उभा आहे

ओडवार : हा मघाचाच ढग आहे. याच्यावरून आपण आत्ताच गेलो.

योरुन : ढग सगळे सारखेच दिसतात, बाबा.

ओडवार : तुला दिसत असतील. माझा उभा जन्म बोटीवर गेलाय. याचं डावं अंग फुगलंय. काय रे प्रेबेन, आपण गोल फिरतोय ना?

प्रेबेन : गोल नाही म्हणायचं, ओडवारसाहेब. थोडी वाट बघतोय. तुमच्या बेटावर धुकं उतरलंय, धावपट्टी दिसत नाही, असं वैमानिक म्हणतायत. निवळलं की उतरू. आणि खरं सांगू का, हे भाग्य प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळत नाही. डेन्मार्कहून निघाल्यापासून तुम्ही याचं उड्डाण बघितलंत, वेग बघितलात, आता घिरट्याही बघून घ्या. कसं घारीसारखं तरंगतंय.

ओडवार : साहेब कुणाला म्हणतोस? स्काल्वॉयवर आम्ही पाद्र्यालाही साहेब म्हणत नाही.

प्रेबेन : सवय हो. धंद्याची सवय.

योरुन : आणि घार एवढा आवाज करत नाही. माझ्या कानात पंखे फिरतायत.

प्रेबेन : पंख्यांचंच विमान आहे, मॅडम. तुमच्या एवढ्याशा धावपट्टीवर जेट उतरवायला गेलात तर ते थांबेपर्यंत समुद्रात जाईल. तिथे हेच चालतं. अहो, या पठ्ठ्याने वर्षानुवर्षं स्कॉटलंडच्या बेटांवर डॉक्टर, मास्तर आणि टपाल वाहिलंय. कधी वादळ, कधी धावपट्टीवर मेंढ्या. जुनं आहे, पण रुळलेलं आहे. एकोणीस खुर्च्या होत्या, आम्ही नऊच ठेवल्या, मध्ये टेबल टाकलं. तुमचं आइसलंडचं गिऱ्हाईक इथे, या खुर्चीत बसणार, कॉफी घेणार, आणि उतरायच्या आत तुमच्या जाळी ओढायच्या यंत्रांचा सौदा पक्का.

ओडवार : कॉफी पातळ आहे.

प्रेबेन : ती बदलता येईल.

योरुन : बाबा, खुर्चीचा हात किती घट्ट धरलाय तुम्ही? बोटं पांढरी पडलीत.

ओडवार : खुर्ची मजबूत आहे का बघतोय. जुना माल तपासून घ्यावा.

योरुन : डेन्मार्कपासून तपासताय.

ओडवार : मग? घाईने घेतलेली वस्तू नंतर रडवते. ए प्रेबेन, तो पुढचा वैमानिक कुणाशी बोलतोय? खाली आर्नफिनशी का?

प्रेबेन : हो, टॉवरमधल्या माणसाशीच. भला माणूस दिसतो. हवामान सांगता सांगता त्याने पुढच्या वैमानिकांना तुमच्या मातोश्रींच्या हातच्या मटणाची गोष्ट सांगितली म्हणे.

ओडवार : त्याला दुसरं काम काय. कंपनीने आपली विमानफेरी बंद केल्यापासून टॉवरमध्ये एकटा बसून असतो. पूर्वी हाच टॉवरमध्ये, हाच सामान उतरवायला, हाच बर्फ काढायला, आणि आग लागली तर बंबही हाच चालवणार. आज बिचाऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला असेल. काय म्हणतो तो?

प्रेबेन : म्हणतो, बँड उभा आहे.

ओडवार : उभा आहे?

प्रेबेन : शाळेचा सगळा बँड. लाल गणवेश, पिसांच्या टोप्या. विमानाचा आवाज आला तेव्हा त्यांनी एकदा वाजवायला सुरुवात केली होती, मग आवाज लांब गेला तेव्हा थांबले. असं दोनदा झालं म्हणे.

योरुन : अरे देवा. पोरं गारठतील त्या वाऱ्यात.

ओडवार : आपली पोरं आहेत. गारठत नाहीत.

योरुन : बँड कशाला बोलावलात, बाबा? आज नुसतं विमान बघायला गेलो होतो आपण. सह्या कुठे झाल्यात अजून?

ओडवार : सह्या खाली. कॉफी पिताना. सगळ्यांसमोर. आणि बँड मी नाही बोलावला. शाळेच्या गुनवोरबाईंनीच आज शाळा लवकर सोडली आणि पोरांना घेऊन गेल्या. लोकांना आनंद झाला, तर मी काय करू?

योरुन : आणि विमानाच्या नाकावर माझं नाव? तेही गुनवोरबाईंनीच लिहिलं का?

ओडवार : ते मी सांगितलं.

योरुन : अजून न घेतलेल्या विमानावर.

ओडवार : बोटीचं नाव ती पाण्यात उतरायच्या आधीच ठरतं. तुझ्या आजोबांच्या बोटीला माझ्या आत्याचं नाव होतं. माझ्या बोटीला तुझ्या आईचं. आता बोट विकली, विमान घेतोय, तर त्याला तुझं. यात विचारायचं काय?

योरुन : सकाळी हँगरचं दार सरकवलं आणि समोर माझं नाव. हातभर अक्षरांत. मला एकदम थंडगार वाटलं.

प्रेबेन : हँगर थंडच आहे आमचं.

ओडवार : तू मध्ये बोलू नकोस. आधीच तुझं अर्धं कळत नाही. डेन्मार्कची माणसं तोंडात गरम बटाटा धरून बोलतात.

प्रेबेन : आणि नॉर्वेची माणसं प्रत्येक वाक्याचा सूर वर चढवून सोडून देतात. मला कळतच नाही, विचारतायत की सांगतायत. पण नावाबद्दल एक सांगू? मी साहेबांना म्हटलं होतं, वर्षभर भाड्याने वापरून बघा. वैमानिकही आमचेच देतो. पटलं तर घ्या, नाही तर परत करा. ऐकायला तयार नाहीत.

ओडवार : भाड्याच्या बोटीवर पोरीचं नाव घालत नाहीत.

प्रेबेन : बघा. आता नाव घालून आलेल्या गिऱ्हाइकापुढे मी काय बोलणार? माझ्या उभ्या धंद्यात इतका सोपा सौदा झाला नाही. हा, पण अक्षरं चिकटवलेली आहेत, मॅडम, रंगवलेली नाहीत. काही वाटलं तर निघतात.

योरुन : प्रेबेन, तुम्ही जरा पुढे जाऊन विचाराल का, किती वेळ लागेल ते?

प्रेबेन : आत्ताच तर विचारलं.

योरुन : पुन्हा विचारा. सावकाश विचारा.

(प्रेबेन पुढे वैमानिकांकडे जातो आणि मधला पडदा ओढून घेतो.)

ओडवार : चांगला माणूस आहे. बडबड्या आहे, पण चांगला आहे.

योरुन : बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.

ओडवार : बोल की. बोलायला टेबल आहे मध्ये, कॉफी आहे. आणि मी कुठे पळून जाणार आहे इथून?

योरुन : मीही नाही जाऊ शकत. तोच तर प्रश्न आहे.

ओडवार : मी हिशेब केलाय. त्रोनहाइम ते स्काल्वॉय, कॉफी निवायच्या आत. आता तुझे किती हाल होतात? फेरीबोट, मग बस, मग आगगाडी. शुक्रवारी निघतेस, रात्री पोचतेस, शनिवार झोपण्यात जातो, रविवारी पुन्हा बॅग. आता तसं नाही. सकाळी स्टायनारच्या हातची कॉफी पिऊन निघायचं, दिवसभर कारखाना बघायचा, संध्याकाळी तीरिलच्या अभ्यासाला घरी. नवरा तिथे, लेक तिथे, कारखाना इथे. मी सगळं जुळवून आणलं.

योरुन : स्टायनारला विचारलंत?

ओडवार : त्याला काय विचारायचं? बायको रोज घरी येणार म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

योरुन : आणि मला?

ओडवार : तुला कशाला विचारायचं? तूच तर म्हणालीस.

योरुन : मी काय म्हणाले?

ओडवार : गावसभेत. कंपनीने विमानफेरी बंद केली त्या महिन्यात. सगळा गाव होता. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘विमान नाही, तर इथे राहून कारखाना चालवणं कुणालाच जमणार नाही. विमान असतं तर गोष्ट वेगळी होती.’ शब्द न् शब्द आठवतो मला. आर्नफिनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरी आलो, रात्रभर विचार केला. म्हटलं, पोरीची अडचण काय? विमान. मग विमान आणू.

योरुन : बाबा, ती सबब होती.

ओडवार : काय होती?

योरुन : सबब. मला वाटलं, विमान तर कुणी विकत घेऊन येणार नाही. म्हणून ते म्हटलं. कुणाच्या बापाला जमणार नाही असं कारण शोधून काढलं, आणि माझ्याच बापाला जमलं.

ओडवार : म्हणजे विमान असलं तरी तुला जमणार नाही?

योरुन : जमेल. जमेल हो, तेच तर सांगतेय. मला नको आहे.

ओडवार : विमान नको? मग हेलिकॉप्टर म्हणतेस की काय?

योरुन : कारखाना नको. बेट नको. तुम्ही हसू नका.

ओडवार : हसत नाही. विमान हललं.

योरुन : आपल्याकडे कुणी कधी ‘मला नको’ असं म्हणालंय का, सांगा. कुणीही? कुणाकडे जेवायला जायचं नसलं की वारा फार असतो. कर्ज द्यायचं नसलं की बँकेतला माणूस सुटीवर असतो. बोर्गिलमावशीला ठरलेलं लग्न मोडायचं होतं, तर तिने काय सांगितलं? फेरीबोटीच्या वेळा जमत नाहीत. तो पलीकडच्या बेटावर, ही अलीकडच्या, आणि फेरी आठवड्यातून दोनदा. आणि त्याने काय केलं?

ओडवार : बोट घेतली.

योरुन : बोट घेतली. मग हिच्याकडे कारणच उरलं नाही. झालं लग्न.

ओडवार : चांगला संसार झाला त्यांचा.

योरुन : तुम्हाला कुणी सांगितलं?

ओडवार : तिने केक केलाय आज. बदामाच्या कड्यांचा. कडी रचून रचून एवढा उंच.

योरुन : माहितेय मला. काल तिने मला गाठलं. माझ्याकडे नुसतं बघत राहिली, आणि म्हणाली, ‘तुझ्या बापानेही बोट घेतली म्हणे.’ एवढंच.

ओडवार : पोरी, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

योरुन : कधी? कंपनीने विमानफेरी बंद केली त्या दिवशी सगळा गाव रडत होता. तुम्हीसुद्धा. आणि मी गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि हसले, बाबा. इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, आता कारखाना विकत मागणाऱ्या ओलेसुंडच्या लोकांना तो द्यावाच लागेल, आणि कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही. मी स्टायनारला फोन करून सांगितलं, शाळा सुरू होईपर्यंत मी कायमची घरी येते. तीरिलने माझ्यासाठी कपाटातले दोन कप्पे रिकामे केले.

ओडवार : ओलेसुंडवाल्यांना तू नकार कळवायचा होतास.

योरुन : कळवला नाही.

ओडवार : मी सांगितलं होतं.

योरुन : हो.

ओडवार : मी तुला विचारलं होतं, कळवलंस का. तू म्हणालीस, त्यांचा माणूस आजारी आहे.

योरुन : आजारी नव्हता.

ओडवार : ते लोक कारखाना दक्षिणेला नेतील. आज नाही, उद्या नाही, पण नेतील. मग कारखान्यातला आपला शेल काय करणार? त्याने आत्ता घर बांधलंय. आर्नफिन काय करणार? शाळेत पोरं राहिली नाहीत तर गुनवोरबाई बँड कुणाचा बसवणार?

योरुन : मला हे सांगू नका. मी रोज रात्री हेच मोजत पडते. प्रत्येकाचं घर मला माहीत आहे, कुणाच्या घरी किती पोरं तेही माहीत आहे. म्हणून तर गप्प बसले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावर तुम्ही बँड आणून उभा केलात. आता मी उतरले आणि त्या पोरांनी पिपाण्या तोंडाला लावल्या, की संपलं. तिथे सगळ्यांसमोर मला नाही म्हणता येणार नाही. तुम्ही सही कराल, मी हसेन, आणि मरेपर्यंत माझ्याच नावाच्या विमानातून ये-जा करेन.

ओडवार : मी तुला कधी ‘थांब’ म्हटलं का? आठव. एकदा तरी?

योरुन : नाही. तुम्ही कधीच नाही म्हटलं.

ओडवार : मग?

योरुन : दरवेळी काहीतरी अडलेलं असायचं. आई आजारी पडली तेव्हा मी एका हिवाळ्यापुरती आले होते. आई गेली. मग तुमचा गुडघा. मग आइसलंडवाल्यांची मोठी ऑर्डर. मग तुम्ही माझी खोली रंगवून घेतलीत आणि म्हणालात, रंग वाळेपर्यंत थांब, नाहीतर दार बंद राहिलं की वास कोंडेल.

ओडवार : वास कोंडतोच.

योरुन : बाबा.

ओडवार : हं.

योरुन : तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, ‘योरुन, राहा.’

ओडवार : म्हटलं असतं तर राहिली असतीस?

योरुन : म्हटलं असतं तर मला ‘नाही’ असं म्हणता तरी आलं असतं. रंगाला काय नाही म्हणणार?

ओडवार : घर फार मोठं आहे ते. तुझी आई गेल्यावर जास्तच मोठं झालं.

प्रेबेन : माफ करा हं, येऊ का आत? दोन बातम्या आहेत. पहिली अशी, की आणखी थोडाच वेळ घिरट्या घालता येतील. नंतर इंधन राखून थेट त्रोनहाइमला जावं लागेल. नियम आहे.

योरुन : त्रोनहाइमला?

प्रेबेन : जवळचं तेच. मोठी धावपट्टी, धुकं नाही, सूर्यप्रकाश आहे म्हणे.

योरुन : आणि दुसरी?

प्रेबेन : दुसरी फार उत्तम. त्रोनहाइमची गरज पडणार नाही. धुकं फाटतंय. बघा, तुमच्याच खिडकीतून बघा. तो दीपस्तंभ, तो तुमचा कारखाना, लाल छपराचा. आणि ती धावपट्टी. आणि त्या कडेला लाल ठिपके दिसतायत ना, तो बँड.

योरुन : दिसतायत.

प्रेबेन : मॅडम, तुमचा चेहरा एवढा उतरलाय का? काही खुपतंय का विमानात? आत्ताच सांगा, मी दुरुस्त करून देतो.

ओडवार : प्रेबेन.

प्रेबेन : बोला साहेब.

ओडवार : पुढे जा आणि वैमानिकाला सांग, धुकं आहे.

प्रेबेन : पण धुकं गेलं.

ओडवार : मी म्हणतो, आहे. आर्नफिनला कळवा, दिसत नाही, त्रोनहाइमला जातो. केक कापा म्हणावं, आमची वाट बघू नका.

योरुन : बाबा, काय करताय?

ओडवार : तू गप्प बस. तिथे स्टायनार आहे, तीरिल आहे. तुला सोडतो आणि मी फेरीबोटीने परत येतो. लोकांना सांगेन, धुकं होतं. मग पुढच्या आठवड्यात सांगेन, विमानात बिघाड निघाला. मग हळूहळू विषय मागे पडेल. आपल्याकडे पडतो.

प्रेबेन : बिघाड? माझ्या विमानात? साहेब, हे काय बोलताय? आणि मी सांगायला जाईन हो, पण पंचाईत आहे. आर्नफिनने दुर्बीण लावलीय. तो आत्ताच वैमानिकांना म्हणाला, नाकावरचं नाव वाचता येतंय. इथपर्यंत ऐकू येईल एवढ्या आनंदाने ओरडत होता. जो माणूस खालून अक्षरं वाचतोय त्याला धुकं आहे असं कोण सांगणार?

ओडवार : वाचता येतंय म्हणाला?

प्रेबेन : योरुन. मोठ्याने वाचून दाखवलं.

ओडवार : मेलो. हवामानाबद्दल खोटं बोललेलं आमच्याकडे कुणी विसरत नाही. माझ्या काकाने एकदा वाऱ्याबद्दल थाप मारली होती, तर त्याच्या नातवाला अजून ऐकवतात.

योरुन : उतरूया.

ओडवार : पोरी, तुला उतरायचं नाहीये.

योरुन : नाहीये. पण असं धुक्यातून पळून गेले तर पुढच्या महिन्यात तुम्ही धुक्यावरही उपाय काढाल. मला ओळखता येतं तुम्हाला. धावपट्टीवर दिवे लावाल.

ओडवार : दिव्यांचं मी विचारलंच होतं याला.

प्रेबेन : विचारलं होतं.

योरुन : बघितलंत? उतरू. मी सांगते त्यांना.

ओडवार : काय सांगणार?

योरुन : मला नको. एवढंच.

ओडवार : एवढंच? कारण?

योरुन : कारण नाही. नको, हेच कारण.

ओडवार : लोकांना कारण लागतं.

योरुन : लागू दे.

ओडवार : तुझ्याने होणार नाही ते. बोर्गिल समोर उभी असेल, हातात सुरी घेऊन. शेलचा धाकटा पुढच्या रांगेत ढोल वाजवतो. तुझ्या घशातून आवाज फुटणार नाही.

योरुन : नाही फुटणार, असं मलाही वाटतं.

ओडवार : मग इथे म्हणून बघ. आधी माझ्यासमोर म्हण.

योरुन : यांच्यापुढे?

प्रेबेन : मी खिडकीतून बाहेर बघतो. मला नाहीतरी नॉर्वेजियन अर्धीच कळते.

ओडवार : म्हण.

योरुन : मला... मला इथे राहायचं नाही, बाबा. कारखाना चालवायचा नाही. मला माझ्या घरी जायचंय.

ओडवार : हं.

योरुन : कसं वाटलं?

ओडवार : वाईट. फार वाईट वाटलं. तुला?

योरुन : मलाही.

ओडवार : पुढच्या खेपेला सोपं जातं का?

योरुन : माहीत नाही. आपल्याकडे कुणी म्हटलेलंच नाही, विचारायचं कुणाला?

ओडवार : मग आता माझंही ऐक. मीही एकदा म्हणून बघतो. योरुन.

योरुन : हां.

ओडवार : राहा. गुडघा बरा आहे. रंग वाळलाय. काही अडलेलं नाही. मला वाटतं म्हणून म्हणतोय. राहा, पोरी.

योरुन : नाही, बाबा.

ओडवार : हं.

योरुन : नाही.

ओडवार : ऐकलं मी. बहिरा नाही झालो. प्रेबेन, तू रडतोस की काय?

प्रेबेन : नाही, नाही. हवा कोरडी असते हो विमानात. मी... साहेब, एक विचारू? म्हणजे आता सौदा नाही?

ओडवार : विमान चांगलं आहे रे. गरज होती ती संपली. तूच भाड्याचं म्हणत होतास ना? ते शेल आणि गावाशी बोल. घेतील, नाही घेतील, त्यांचं ते ठरवतील. मला आता कुणाच्या अडचणी सोडवायच्या नाहीत. माझा हात तसाही बसत नाही त्यात.

प्रेबेन : आणि नाव? ते निघतं. गरम हवा मारली की सहज निघतं, डागही राहत नाही.

ओडवार : आज नको. पोरं वाचतायत. त्यांचं वाजवून होऊ दे, मग काढ.

योरुन : माझं सांगणंही तेव्हाच, बाबा. बँड झाला की. केक कापायच्या आधी.

ओडवार : आधी? सगळा केक तसाच राहील.

योरुन : नंतर म्हटलं तर मी सांगणार नाही. तुम्हाला माहितेय.

ओडवार : माहितेय. बरं, आधी. मी तुझ्या बाजूला उभा राहतो. बोलणार काही नाही. नुसता उभा राहतो, म्हणजे त्यांना कळेल की मला माहीत आहे.

प्रेबेन : पट्टे बांधा, उतरतोय. वैमानिक म्हणतायत, खाली वारा आडवा आहे, थोडं हलेल. घाबरायचं कारण नाही.

योरुन : वाजवायला लागले बघा. ढोलवाला हलतोय.

ओडवार : मला नाही बघवत खाली.

योरुन : बाबा, तो खुर्चीचा हात सोडा आता. मजबूत आहे खुर्ची.

ओडवार : खुर्चीला काय धाड भरलीय. मला भीती वाटते, योरुन. सकाळपासून वाटतेय. हात दे तुझा.